आईचं नाक

४ फेब्रुवारी

मावशी,

वर ‘तीर्थरूप’ लिहावं की नाही ह्या विचारात माझा चहा गार झाला. लिहीत नाही. जागा सोडलीय, हवं तर तूच भरून घे.

तुझं पत्र पोचलं. तीन गावं माझ्या मागे फिरून पोचलं, त्यामुळे कोपरे उंदराने कुरतडल्यासारखे झालेत. आत दोन ओळी. ‘आईची बाहुली घेऊन गेलास ती परत पाठव. काम अडलंय.’ बास. भाचा अडीच महिने गायब आहे, तो जेवतो का, झोपतो कुठे, काही नाही. बाहुली पाठव. ठीक आहे, तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगतो. नाही पाठवणार.

ती बाहुली मी कापली. काळा कागद, वीतभर उंची, अकरा तुकडे, प्रत्येक सांध्यात केसाएवढी तार मी ओवली. चालताना तिचा डावा खांदा जरा पडतो तोही मीच आणला, कारण आई पिशवी त्या खांद्याला लावायची. पाच वर्षं तू काचेवर कागदी माणसं इकडून तिकडे सरकवते आहेस, खालून दिवा, वरून कॅमेरा, एक सेकंद दिसायला बारा फोटो. त्या सगळ्या खटाटोपातली मुख्य बाई म्हणजे ही. तुझी बहीण, माझी आई. बाकीची गर्दी तू काप, झाडं काप, कुत्री काप. आई मी कापेन, असं ठरलं होतं. ठरलं होतं की नाही?

आणि मी काविळीने दोन महिने आडवा होतो तेव्हा तू काय केलंस? तिचं मुंडकं उडवलंस. नवं डोकं कापून माझ्या धडावर बसवलंस, माझ्याच तारेने, आणि वर शेवटी राखून ठेवलेले तिचे देखावे सुरू करून चार हजार फोटो काढून मोकळी झालीस. मी बरा होऊन माडीवर आलो तर काचेवर एक परकी बाई उभी. नाक हे एवढं लांब, मधे उंचवटा, हनुवटी आत गेलेली. मी म्हटलं, ‘ही कोण?’ तू मान वर न करता म्हणालीस, ‘तुझी आई. शिंकू नकोस.’

(ती शिंक एकदाच आली होती, मावशी. एकदाच. बाजाराच्या देखाव्यात अर्धी माणसं उडाली हे मान्य, पण फोटोवाले काका तर म्हणाले होते की भूकंप झाल्यासारखं झकास दिसतंय.)

त्यानंतर आपलं जे झालं त्यातलं तुझं शेवटचं वाक्य मी इथे लिहीत नाही. तुला आठवत असेल. आठवत नसेल तर आणखी वाईट.

माझ्या आईचं नाक लहान होतं. लहान, आणि शेंड्याला जरासं वर. हनुवटी ठसठशीत. तिचा घरात एकच फोटो, त्यातही ती हललेली, म्हणून तुझं फावलं. पण मला पक्कं आठवतं. आणि दुसरं, दवाखान्यात गेली आणि परत आली नाही त्या दिवशी ती दारातून सरळ गेली. तू शेवटच्या देखाव्याच्या कच्च्या चित्रांत काढून ठेवलंयस तसं वळणं-बिळणं काही झालेलं नाही. दुसऱ्याच्या आईत नाक खुपसायचं, आणि तेही इतकं लांब!

तुझा भाचा (कागदोपत्री)


१९ फेब्रुवारी

मावशी,

ह्या वेळी चार ओळी आल्या. प्रगती आहे. पण अक्षराला काय झालंय? कोंबडीने शाईत पाय बुडवून कागदावर फेरफटका मारलाय जणू. इतका राग बरा नाही. रागावून लिहायचं असेल तर माझ्यासारखं लिहावं, निदान वाचता येतं.

मी सध्या एका लाँड्रीत आहे. हॉटेलांच्या चादरी येतात, त्यांच्या घड्या घालायच्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला एक बाई, तिला सगळे घडीवाली म्हणतात. ती मला लांबोडका म्हणते. पहिल्या दिवशी म्हणाली, ‘अरे लांबोडक्या, चादरीशी भांडतोस कशाला? तिने काय घोडं मारलंय तुझं?’ चादर ओली असताना उजेडासमोर धरली की पलीकडच्या माणसाची नुसती काळी आकृती दिसते. घडीवालीचा अंबाडा, कमरेवरचा हात, अगदी स्वच्छ. मी ते बघत उभा राहतो आणि माझं टोक जमिनीवर लोळतं. परवा ह्यापायी सतरा चादरी पुन्हा धुवायला लागल्या. ह्या नोकरीचं काही खरं नाही.

हां, तर बाहुली. तू विचारलंयस, सुखरूप आहे का. आहे. खाटेच्या वर भिंतीला टाचण्यांनी लावलीय. उजवा हात जरा पुढे, दाराची कडी धरायला जातो तसा. बोटं मी पाचही सुटी कापली होती, आठवतं? तू म्हणाली होतीस, ‘पडद्यावर कोण मोजायला बसलंय?’ अजून पाचही आहेत. पिशवीचा बंद शाबूत आहे. बुटाची टाच शाबूत आहे. सकाळी ऊन आलं की तिची सावली भिंतीवर अर्ध्या बोटाने सरकते. सावलीची सावली. मी अंथरुणातून बघत बसतो आणि उशीर होतो.

आणि तू खास विचारलंयस, ‘मान नीट आहे ना? तो सांधा नाजूक आहे.’ मान तिच्या जागेवर आहे.

‘नाकावर राग घेऊन कुठवर फिरणार?’ असंही लिहिलंयस. कुणाच्या नाकावर, तेवढं स्पष्ट कर. आपल्यात सध्या दोन नाकं आहेत आणि वाद त्यावरच आहे.

पाठवणार नाही. विचारू नकोस.


८ मार्च

मावशी,

तुझं नाही, फोटोवाल्या काकांचं पत्र आलं. चार पानी. माणूस अख्खं आयुष्य एका बटणावर बोट ठेवून गप्प बसला आणि आता चार पानं! सुरुवातीला त्यांनी माझं नेहमीचं बारसं केलंय, गाढवा, कारट्या, दिवट्या. मग लिहिलंय की तुझे हात थरथरतात. अडाणी डॉक्टरांपासून शहाण्या डॉक्टरांपर्यंत सगळे झाले, हे आता असंच राहणार. चिमट्याने बाहुल्या सरकवतेस, डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून. दिवसाला जेमतेम वीस फोटो होतात. कापणं बंद. पानाच्या कडेला लिहिलंय, ‘कात्री ड्रॉवरात ठेवून दिलीय तिने. मी कुलूप लाव म्हटलं नव्हतं, तरी लावलंय.’

आणि एप्रिल संपला की काका मुलीकडे कायमचे राहायला जाणार. कॅमेरा त्यांचा, तो त्यांच्याबरोबर जाणार. चाळीस सेकंद उरलीत. चाळीस सेकंदांत आई पिशवी उचलते, दाराशी जाते, वळते आणि निघते. बाकी सगळं झालंय. ती चाळीस सेकंद नसतील तर पाच वर्षांची फिल्म म्हणजे एक बाई खोलीत पिशवी भरत बसलीय, संपलं.

हे तू मला का नाही लिहिलंस? नको, उत्तर नको. मला माहितीय. ‘हात थरथरतो’ लिहायचं म्हणजे तुझ्या लेखी माझ्यासमोर नाक घासणं. त्यापेक्षा भाच्याने अक्षरावरून टिंगल केलेली चालेल. मी आपला कोंबडी-कोंबडी करतोय आणि तू वाचून घडी घालून ठेवते आहेस. छान. मला मूर्ख बनवायची तुझी ही नेहमीची तऱ्हा. आजारी तू पडायचं आणि वाईट मी दिसायचं.

आता ऐक. बसूनच ऐक.

डोकं नाहीये.

मान आहे, मी खोटं लिहिलं नव्हतं. त्यावरचं डोकं नाही. घरातून निघालो त्याच दिवशी, बसमध्ये, तासाभरात. वहीतून बाहुली काढली तर ती परकी बाई माझ्याकडे नाक वर करून बघतेय. बघतेय म्हणजे तिला डोळा नाही, पण तुला कळतंय मी काय म्हणतो ते. मी ते डोकं उपटलं आणि पूल आला तेव्हा खिडकीतून टाकलं. खाली नदी होती की रूळ तेसुद्धा बघितलं नाही. मग पुढच्या सीटवरच्या बाईच्या पिंजऱ्यात एक पोपट होता तो शिट्टी वाजवायला लागला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. हे असं आहे. उगाच रडलो-बिडलो असं सांगत नाही.

मला वाटलं, तू नवं कापशील. तुला काय, चार मिनिटांचं काम. कात्री स्थिर, कागद फिरवायचा, तूच शिकवलंस. तेव्हा मला हाताचं काय माहीत?

लाँड्री सुटली. आता एका छापखान्यात आहे, लेबलं छापतात. पत्ता मागे लिहिलाय.

रागव. पण लवकर रागव, काकांचा एप्रिल जवळ आलाय.


२७ मार्च

मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं होतं शिव्या असतील. त्याची तयारी करून बसलो होतो, उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती, ती सगळी वाया. तू लिहितेस, ‘सांगितलंस ते बरं केलंस. तू कापलेलं आधीचं डोकं मी टाकलं नव्हतं. बटणांच्या डब्यात आहे. तेच बसवते. धड पाठव.’

खबरदार!

अगं, तुला कळतंय का? चार हजार फोटोंत बाईचं नाक लांब, आणि दारापाशी पोचेपर्यंत नाक लहान? लोक म्हणतील, बाई दवाखान्यात निघाली होती ती नाक बदलायला. पाच वर्षं तू मला सांगत आलीस की सावलीत सगळा खेळ कडेचा. आत काही नसतं, डोळे नाहीत, रंग नाही, हसू नाही, केसभर कड हलली तर माणूस बदलतो. आणि आता तीच तू म्हणतेस लहान नाक लाव? भाचा गप्प बसावा म्हणून? माझी कीव करू नकोस. तुला ते जमत नाही, अवघडल्यासारखी दिसतेस.

आता दुसरं सांगतो. हे मी सांगितलं असं काकांनाही सांगू नकोस.

छापखान्याच्या मालकीणबाईंना केसांच्या तेलाच्या लेबलावर ‘रुबाबदार पुरुषाचं डोकं’ हवं होतं. रुबाबदार कुणी मिळेना, मी फुकटात होतो. त्यांनी भरदुपारी शटर अर्धं ओढलं, मला स्टुलावर बसवलं, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला भिंतीवर कागद, आणि माझी सावली पेन्सिलीने गिरवायला लागल्या. मला तोंड वळवून बघायची बंदी.

‘हलू नकोस रे.’

‘घाम येतोय, बाई.’

‘सावलीला नाही येत. तुला बरा येतो.’

मग चौकटी आखून त्यांनी ते डोकं लहान केलं, जाड कागदात कापलं, लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवलं, शाई फासली आणि ट्रेडलवर चढवलं. ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं यंत्र, त्याचा आवाज दम्याच्या माणसासारखा आहे. ठोकळ्यावर मी डावीकडे बघत होतो. छापून आलो तो उजवीकडे. छपाईत सगळं उलटं होतं, अक्षरांचे खिळेसुद्धा उलटेच जुळवतात, हे मला माहीत होतं. पण पहिला कागद हातात घेतला आणि मी स्टुलावरून उठलोच.

मावशी, ते मी पुलावरून फेकलेलं डोकं होतं. तेच. लांब नाक, मधे उंचवटा, आत गेलेली हनुवटी, दाराकडे तोंड. फक्त अंबाडा नव्हता.

माणूस स्वतःला कडेने कधी बघत नाही. आरशात बघतो ते समोरून, आणि समोरून नाक म्हणजे नुसती एक रेघ. बावीस वर्षं मी हे नाक घेऊन फिरतोय आणि मला कुणी सांगितलं नाही. नाही, खोटं. लहानपणापासून सगळे सांगायचे, ‘आईवर गेलाय.’ मला वाटायचं, स्वभावाने.

तरी मी म्हटलं, योगायोग असेल. माझं तुला माहितीय, मी इतक्या सहज हरत नाही. दोन दिवस त्या लेबलाकडे बघायचंच नाही असं ठरवलं, पण पाच हजार लेबलं छापायची होती, पळणार कुठे? पाच हजार वेळा दम लागल्यासारखा आवाज करत माझं नाक बाहेर येत होतं.

तिसऱ्या दिवशी ट्रेडलच्या खाली तेल घालायला आडवा झालो. खालून बाईंना हाक मारली. त्या वाकल्या नाहीत, तशाच उभ्याने ‘काय रे?’ म्हणाल्या. बाईंचं नाक चांगलं धारदार आहे, चष्मा ठेवायला ऐसपैस जागा. खालून ते नव्हतंच. दोन भोकं, आणि शेंडा जरासा वर. आणि हनुवटी मात्र ही एवढी.

मी किती वेळ तसाच पडून राहिलो कुणास ठाऊक. तेल कानात गेलं.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मी तिला कुठून बघत होतो? मांडीवर डोकं ठेवून. खालून. माझ्या लक्षात आहे ते नाक खरंच तसंच होतं, पण फक्त मला. दुसऱ्या कुणालाही ते तसं दिसलेलं नाही. आणि कडेने तर ते तसं कधी नव्हतंच.

तू बरोबर होतीस असं मी म्हणत नाहीये. नाक बरोबर होतं, एवढंच. तू अजूनही चूक आहेस. मला उठवून दाखवायला हवं होतंस. कावीळ होती, आंधळा नव्हतो झालो. ‘चल, तुझी सावली धर भिंतीवर’ एवढं म्हणाली असतीस तर मीच कापलं असतं. पण नाही, तुला विचारायची सवय नाही, आणि फोटो वाया जाणं तुला सोसत नाही.

बटणांच्या डब्याला हात लावू नकोस.


३ एप्रिल

ति. मावशी,

शेफारू नकोस, नुसती ‘ति’ आहे. ‘तीर्थरूप’चं काय ते नंतर बघू.

सोबत पुठ्ठ्यात दाबून बाहुली पाठवतोय. काकांसमोरच उघड, तू एकटीने उघडू नकोस, कागद पातळ आहे. धड तेच आहे. डाव्या कोपराची तार सैल झाली होती, नवी घातली. मानेला दोन तारा घातल्यात, म्हणजे तुझा हात हलला तरी डोकं डुगडुगणार नाही. ती जास्तीची तार बघून नाक मुरडशील, मुरड.

डोकं नवं आहे. लेबलावरून कापलं, अंबाडा आठवणीने घातला, तो तरी मागूनच बघितलेला असल्यामुळे बरोबर असेल. चौदा डोकी बिघडली. मालकीणबाई म्हणाल्या, ‘इतकं कुणाचं नाक महत्त्वाचं असतं रे?’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे आहे.’ पंधरावं तुझ्या त्या डोक्यासारखंच झालंय. मी त्याचा इतका राग केला होता की त्याची कड न् कड पाठ होती, ते कामाला आलं. तुझ्या चार हजार फोटोंशी जुळवून बघ. केसाचा फरक निघाला तर कळव, मी भांडायला मोकळाच आहे.

पुठ्ठ्यात आणखी तीन डोकी सापडतील. ती घाबरून टाकून देऊ नकोस. एकात नाक जरा कमी आहे, दुसऱ्यात आणखी कमी, तिसऱ्यात नाकच नाही, नुसतं अंडं. ते समोरून बघणारं. चार डोकी झाली. पहिली तीन पलटून घातली की सात होतात, आणि बाई उजवीकडून डावीकडे वळते. तिला वळव.

आता ते वाक्य. तू त्या दिवशी म्हणालीस, ‘वळली होती ती. तू बघत कुठे होतास?’

मी नोव्हेंबरपासून ह्या वाक्यावर तुझ्याशी मनात भांडतोय. अंघोळ करताना, चादरींच्या घड्या घालताना, रस्त्याने जाताना. लोक वळून बघतात. प्रत्येक वेळी मी जिंकतो आणि मग काही वेळाने मला ते झाकण आठवतं.

डब्याचं झाकण होतं माझ्या हातात. पितळी. दारातून ऊन येत होतं आणि मी त्या झाकणाने कवडसा भिंतीवर नाचवत होतो. वर, खाली, घड्याळावर, तुझ्या पाठीवर. तू पिशवी आईच्या खांद्याला अडकवत होतीस. मग ऊन गेलं, कारण दारात कुणीतरी उभं राहिलं होतं. मी झाकण तिरपं करून बघितलं, कवडसा सापडेना. मला राग आला होता, कोण मधे आलं म्हणून. मग ऊन परत आलं.

म्हणजे ती दारात थांबली होती. निघून जाणारा माणूस दारात तेवढा वेळ थांबत नाही. मी मोजलेलं नाही, पण कवडसा बराच वेळ नव्हता.

हे मी तुला क्षमा वगैरे केली म्हणून लिहीत नाहीये. सहा वर्षांच्या पोराचं बाविसाव्या वर्षी काढायचं नसतं, ते तू काढलंस, आणि ते मी विसरणार नाही. मी घरीही येत नाहीये. फिल्म दाखवाल त्या दिवशी काकांना कळवायला सांग, मागच्या रांगेत येऊन बसेन. भेटायला मागे येऊ नकोस.

फक्त एक काम कर. तू नेहमी म्हणतेस ना, वळायला तीन फोटो पुरतात, पडद्यावर कुणाला कळतंय? ह्या वेळी तिनात उरकू नकोस. चोवीस दे.

मला बघायला वेळ लागतो.